रिपोर्ट पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका

तुमच्या घरात कुणी गरोदर आहे? लेक, सून, वहिनी? मग आजच तिचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. वजन लिहिलेलं असेल, रक्तदाब असेल, हिमोग्लोबिन असेल. सिफिलिसच्या तपासणीचा निकाल लिहिलाय का? नसेल, तर नाव नोंदवलं आणि फेऱ्या झाल्या, एवढ्यावर समाधान मानू नका.

सिफिलिस, म्हणजेच गरमी, लपून राहणारा आजार आहे. जखम होते, दुखत नाही, आपोआप भरूनही येते. बाईला पत्ता लागत नाही. जंतू मात्र अंगात राहतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात. उपचार न झालेल्या निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडतं: गर्भपात, पोटातच दगावलेलं मूल, अपुऱ्या दिवसांचं बाळ. कधी बाळ जन्मतः धडधाकट दिसतं. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, नाक सतत वाहतं, पोट फुगतं. पुढे बहिरेपणही येऊ शकतं.

हे सगळं टाळता येतं. तुम्ही टाळू शकता! बोटातल्या थेंबभर रक्ताची तपासणी, वीसेक मिनिटांत निकाल. औषध जुनं आणि स्वस्त: पेनिसिलीनचं इंजेक्शन. पण ते बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी सुरू व्हायला हवं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच तिला दवाखान्यात न्या. उशीर झाला असेल, तरीही न्या.

खरा घात होतो तो मधल्या वाटेत. रक्त सासरी दिलेलं असतं, लेक बाळंतपणाला माहेरी येते, रिपोर्ट तिकडेच राहतो. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं गाव सुटतं, तशी तपासणीही सुटते. तुम्ही तसं होऊ देऊ नका. कार्ड तिच्यासोबत पाठवा. निकाल तोंडी ऐकून परतू नका, लिहून मागा. आशाताईंना विचारा, नर्सबाईंना विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

नवरे मंडळींनो, तुम्हीही रक्त तपासून घ्या. एकट्या बायकोचे उपचार झाले, तर आजार पुन्हा तिच्याकडे येऊ शकतो. आणि सासूबाई, रिपोर्टमध्ये दोष निघाला, तर सुनेला बोल लावू नका. शरमेपायी गेलेला एकेक आठवडा तुमच्याच नातवंडाच्या जिवावर बेततो.

2016 मध्ये या आजारामुळे जगभरात दोन लाखांहून अधिक बाळं पोटातच किंवा जन्मल्यावर काही दिवसांत गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण क्युबाने 2015 मध्ये, श्रीलंकेने 2019 मध्ये आईकडून बाळाकडे होणारी ही लागण जवळजवळ थांबवून दाखवली. आपणही थांबवू शकतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ती तारीख लांब असेल, तर वाट पाहू नका. उद्या सकाळी तिच्यासोबत निघा. तपासणी करून घ्या, निकाल कार्डावर लिहून घ्या. गरज असेल, तर पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी मागा.