एक हुकूम, दोन येशूसंघी

गेल्या लेखावर आलेल्या एका पत्रात येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू फादर रॉबर्ट ड्रायनन यांना आज्ञापालनाचा आदर्श आणि त्याच संघाचे फादर फर्नांदो कार्देनाल यांना सत्तालोभी बंडखोर ठरवून पत्रलेखकाने जो निवाडा दिला आहे, तो मला मुळीच मान्य नाही.

ड्रायनन व्हिएतनाम युद्धाला विरोध करीत १९७० साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले, कंबोडियावरील गुप्त बॉम्बवर्षावावरून निक्सन यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव त्यांनी जुलै १९७३ मध्ये मांडला, आणि पाच वेळा निवडून आल्यावरही, १९८० साली धर्मगुरूंनी राजकीय पद सोडावे असा पोप दुसरे जॉन पॉल यांचा हुकूम येताच, उमेदवारी सोडून ते अध्यापनाकडे वळले. त्याच साली त्यांचेच संघबंधू कार्देनाल निकाराग्वात साक्षरतेची मोहीम चालवीत होते. हजारो तरुण कंदील, अक्षरओळखीचे पुस्तक आणि निजण्यासाठी टांगती झोळी घेऊन खेड्यांत पाच महिने राहिले; दिवसा शेतकऱ्याबरोबर राबले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच्या राठ बोटांकडून अक्षरे गिरवून घेतली. पुढे १९८४ साली कार्देनाल शिक्षणमंत्री झाले, मुलकी सत्तेचे पद धर्मगुरूस निषिद्ध ठरविणारे धर्मसंहितेचे २८५ वे कलम त्यांच्यापुढे ठेवण्यात आले, सदसद्विवेकबुद्धीचा हवाला देऊन त्यांनी राजीनामा नाकारला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संघाने त्यांना बडतर्फ केले.

पत्रलेखक येथेच थांबतात. ड्रायनन यांच्या जागी त्यांच्याच मताचे बार्नी फ्रँक निवडून आले, त्यामुळे त्यांच्या कार्याचा धागा तुटला नाही. कार्देनाल यांना मात्र, देश युद्धात होरपळत असताना पद सोडणे म्हणजे दरिद्री जनतेकडे पाठ फिरविणे वाटत होते. एकाने आज्ञेसाठी मतदारसंघ दिला, दुसऱ्याने विवेकासाठी संघ दिला. दोघांनीही किंमत उघडपणे मोजली.

मला खरे भय वाटते ते, कोणतेही पद न घेता वेदीवरून मतांची दिशा सुचविणाऱ्या धर्मगुरूचे, आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या दाराशी हजेरी लावणाऱ्या पुढाऱ्यांचे. हे मी पूर्वीही लिहिले आहे व पुन्हा लिहीन, कारण पदाचे कलम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

राहिला लोभाचा आरोप. कार्देनाल यांचे मंत्रिपद १९९० साली गेले, आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यांचे वर्तन पाहून पुढे त्यांनी पक्षही सोडला, आणि साठी उलटलेला हा माणूस, तरुण उमेदवारांप्रमाणे दीक्षापूर्व साधना नव्याने पत्करून, १९९७ साली येशूसंघात परतला व २०१६ साली येशूसंघी म्हणूनच मरण पावला. पत्रलेखकांनी आपला शब्द मागे घ्यावा.