साठ गुणांचे अंतर कोणी निर्माण केले?

२६ मार्च २०१६ रोजी अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत कनेक्टिकट विद्यापीठाने मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा ९८-३८ असा पराभव केला. अंतर साठ गुणांचे! दोन्ही संघ देशातील अखेरच्या सोळांत पोचलेले; तरीही जिला लढत म्हणावी असे काही घडलेच नाही. कनेक्टिकटचे हे वर्चस्व महिलांच्या खेळाला मारक आहे, असा शेरा त्यावर एका नामवंत क्रीडापत्रकाराने मारला आणि मोठा वाद उसळला. पुढच्याच वर्षी, सलग १११ सामने जिंकलेल्या याच कनेक्टिकटला याच मिसिसिपी स्टेटने उपान्त्य सामन्यात जादा वेळेत ६६-६४ असे नमविले.

एका पराभवाने मक्तेदारी संपते, असे मानण्याचे मात्र कारण नाही. १९८२ पासून २०२५ पर्यंत राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे एनसीएएची, महिला स्पर्धा ४३ वेळा झाली. २०२० साली महामारीमुळे ती रद्द करावी लागली. या ४३ अजिंक्यपदांपैकी १२ एकट्या कनेक्टिकटकडे आणि ८ टेनेसीकडे गेली. जवळजवळ निम्मी विजेतेपदे दोन विद्यापीठांच्या कपाटात! तेव्हा विषमता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो तिचा जाब कोणाला विचारावयाचा, हा.

जिंकणाऱ्या मुलींना तो विचारणे सर्वात सोपे आणि सर्वात अन्यायाचे आहे. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुरुष संघाने दहा अजिंक्यपदे मिळविली, त्यांतील सात ओळीने. त्या पराक्रमाची आज आख्यायिका झाली आहे. पुरुषांच्या बाबतीत जे वैभव ठरते, तेच स्त्रियांच्या बाबतीत खेळाचे दुखणे कसे ठरते?

या वर्चस्वाचे मूळ शोधावयाचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागेल. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले ते फिलाडेल्फियाजवळच्या इम्माक्युलाटा या जोगिणींनी चालविलेल्या लहानशा महाविद्यालयाने. पहिल्या स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी या मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकले होते! सर्वच गरीब होते, म्हणून लहानालाही जिंकता येत होते. त्याच १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास बंदी झाली. हा कायदा क्रीडाक्षेत्राला लागू होऊ नये म्हणून पुरुषांच्या एनसीएएने आटापिटा केला. तो साधेना, तेव्हा १९८२ मध्ये तिने स्वतःचीच महिला स्पर्धा सुरू केली आणि स्त्रियांनी स्वतः उभारलेली संघटना त्या आघाताने बंद पडली. ज्यांनी दार अडविले, तेच घराचे मालक झाले.

पुढे बहुसंख्य संस्थांनी कायद्याचे पालन नाइलाजाने, कागद भरण्यापुरते केले. मोजक्या संस्थांनी मात्र मुलींचा खेळ मनापासून वाढविला. टेनेसीच्या पॅट समिट यांनी १९७४ साली प्रशिक्षकपद स्वीकारले, तेव्हा संघाची गाडी त्याच चालवीत आणि खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत. तेथून त्यांनी १०९८ विजयांची मजल मारली. टेनेसी काय किंवा कनेक्टिकट काय, दोन्ही सरकारी विद्यापीठे आहेत. त्यांचे वर्चस्व हे बव्हंशी इतरांच्या अनास्थेचे माप आहे.

या अनास्थेला नियमांचीही साथ मिळाली. पहिल्या दोन फेऱ्यांचे सामने वरच्या सोळा मानांकित संघांच्याच मैदानावर होतात. म्हणजे जो आधीच बलवान, त्यालाच घरचे प्रेक्षक. पुरुषांच्या स्पर्धेत संघाच्या कामगिरीनुसार त्याच्या गटाला पैसा मिळत असे. महिलांच्या स्पर्धेत हा वाटा सुरू होण्यास २०२५ साल उजाडावे लागले, आणि पहिल्या वर्षीची रक्कम होती दीड कोटी डॉलर. तोवर एखाद्या लहान महाविद्यालयाच्या मुलींनी चमत्कार घडविला, तरी तिजोरीत एक डॉलरही पडत नसे. मग व्यवस्थापकांनी त्यांच्यावर खर्च कशासाठी करावा? २०२१ साली पुरुष संघांना सुसज्ज व्यायामशाळा आणि महिलांना डंबेल्सचा एक छोटा ढीग, हे दृश्य एका खेळाडूनेच जगापुढे आणले. ती चूक अपघाताने झालेली नव्हती. ती हिशेबाची वही होती.

आता बाजार समतोल आणील, असे सांगितले जाते. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळविता येतात, विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही आपल्या खेळाडूंना वर्षाकाठी एकूण सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात. श्रमाचा मोबदला मिळाला, हे योग्यच झाले. त्याबद्दल एकाही मुलीला दोष देता येणार नाही. परंतु ज्यांच्यापाशी एवढी रक्कम आहे, तेच ती वाटणार. लहान महाविद्यालयाने घडविलेली गुणी खेळाडू दुसऱ्या वर्षी श्रीमंताच्या दारी जाईल. दोघांची मक्तेदारी दहांची होईल, एवढेच. तिला समता म्हणता येणार नाही.

लोकांना हा खेळ नको आहे, ही सबबही उरलेली नाही. २०२४ च्या महिलांच्या अंतिम सामन्याला अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख प्रेक्षक लाभले, पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख. त्या वर्षी साउथ कॅरोलायना ३८ पैकी ३८ सामने जिंकून अजिंक्य ठरली. म्हणजे वर्चस्वाने प्रेक्षक पळाले नाहीत.

१९९८ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या हार्वर्डच्या मुलींनी, सोळावे मानांकन असताना, अव्वल मानांकित स्टॅनफर्डला तिच्याच मैदानावर ७१-६७ असे हरविले. गुणवत्ता कोठेही असू शकते, हे त्या सामन्याने दाखविले. अशा विजयांची वाट दैवावर सोडावयाची की या मुलींच्या खेळातून मिळणारा पैसा तळच्या संस्थांपर्यंत पोचवावयाचा, हे तेथील क्रीडासंघटनांना ठरवावे लागेल. शिखर खाली ओढण्याची गरज नाही. जमीन वर उचलावयास हवी.