खांद्याची भूल आणि छातीचा श्वास

आषाढ लागला कीं आमच्या मुळशी खोऱ्यांत अंगणांवर व पायऱ्यांवर शेवाळ चढतें, आणि पौडच्या वाटेनें एखादा तरी वृद्ध खांदा मोडून पुण्यास जातो. मग घरांत एकच वाद उभा राहतो : “या वयांत भूल सोसेल काय ?”

भूल म्हणजे सर्वांगाची निद्राच, हा समज आतां सोडावयास हवा. खांद्याला व हाताला संवेदना पुरविणारे मज्जातंतु मानेच्या बाजूस दोन स्नायूंमधून खालीं उतरतात. तेथें सुईनें औषध सोडलें म्हणजे खांदा बधिर होतो. जोडीला निद्रा दिलीच, तर ती हलकी पुरते. सुश्रुताचार्यांनीं निखळलेला खांदा काखेंत मुसळ देऊन बसविण्यास, व शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास मद्य पाजण्यास सांगितलें आहे. वेदनेची चिंता त्यांनाहि होतीच. १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, आणि खांद्यासाठीं मानेंतून सुई देण्याची आजची रीत अमेरिकेंतील डॉ. विनी यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. हल्लीं ध्वनिलहरींच्या यंत्रावर सुईची वाट प्रत्यक्ष पाहतां येते.

मात्र श्वासपटल हालविणारा मज्जातंतु याच जागेच्या शेजारून जातो. औषध त्यास लागलें कीं त्या बाजूचें श्वासपटल कांहीं तास मंदावतें. निरोगी मनुष्यास तें सहसा जाणवत नाहीं. छाती अधू असेल त्यास धाप लागूं शकते. मात्रा कमी करून वा सुईची जागा बदलून हा धोका कमी करतां येतो, पण डॉक्टरांस तो आधीं कळला पाहिजे. आणि आमच्या घरांत नेमकें तेंच झांकलें जातें ! आजीला दमा आहे, ती मिश्री लावते, रात्रीं उशा रचून बसूनच झोपते, हें सांगण्यास सुनेस संकोच, मुलास कमीपणा; आजीला तर कोणी विचारीतच नाहीं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीहि सांगावी.

बधिरपणा बहुधा अर्धा दिवस टिकतो, आणि उतरतांना कळ एकदम उठते. म्हणून डॉक्टरांनीं दिलेली गोळी कळेची वाट न पाहतां नेमल्या वेळीं द्यावी. तोंवर हात झोळींत असावा. शेकाची पिशवी जवळ नेऊं नये, कारण भाजलें तरी कळणार नाहीं. पापणी उतरली, आवाज बसला, तर न घाबरतां डॉक्टरांस कळवावें. धाप लागल्यास मात्र क्षणभरहि थांबूं नये.

भूल देणारे डॉक्टर भेटावयास येतील, तेव्हां घरच्यांनीं चार पावलें मागें उभें राहून वडिलांसच बोलूं द्यावें. त्यांचा मान त्यांतच राहतो, आणि जीवहि.