आधी नवऱ्याची तपासणी

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरला मुलांना अक्षरओळख करून द्यायला आणतात. तिथल्या शिवाचं नावच एळुत्तरिनाथर, अक्षरं जाणणारा. ज्यांना मूलच नाही, ती जोडपी त्याच मुलखातल्या तिरुक्करुगावूरला गर्भरक्षाम्बिकेकडे जातात. तिथलं प्रसादाचं तूप ४८ दिवस नवरा-बायको दोघांनी खायचं असतं. दोघांनी! देवीच्या दारात गृहीत धरलेली ही गोष्ट आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या घरांना अजून पटलेली नाही. दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की दवाखान्यात फाइल निघते ती सुनेच्या नावाची.

ही खोड जुनी आहे. याच मुलखातली तंजावरची मराठ्यांची गादी १८५५ मध्ये राजाला मुलगा नाही म्हणून कंपनी सरकारच्या घशात गेली. या दुसऱ्या शिवाजी राजांना मुली होत्या. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, पण राजवाड्यात भर पडत राहिली ती राण्यांची.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण सापडतं. तरी वीर्यतपासणीचं नाव काढलं की मर्दानगीला धक्का! संबंध नीट जमतो म्हणून शुक्राणूही असणारच, ही समजूत साफ चुकीची आहे.

बरं, तपासणी झाली आणि अहवालात शुक्राणू शून्य आले, तर लगेच म्हणतात, ‘संपलं, आता दाता शोधा.’ हेही खोटं. काही पुरुषांत शुक्राणू तयार होतात, पण वाट बंद असते. नसबंदी, क्षयाची जुनी लागण किंवा शुक्रवाहिनी जन्मतःच नसणं, अशी त्याची कारणं. तिथे सुईनं शुक्राणू जवळजवळ नेहमीच मिळतात. मुळात निर्मितीच कमी असेल, तरी वृषणातल्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली शोधून (मायक्रो-टेसे) साधारण निम्म्या रुग्णांत काही शुक्राणू हाती लागतात. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्टट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा अशा पुरुषांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सीची बातमी आली आणि स्त्रीबीजात एकच शुक्राणू टोचून काम भागू लागलं.

मला खरं भांडायचं आहे ते यापुढच्या युक्तिवादाशी, कारण तो विज्ञानाचा कोट घालून येतो. ‘एक शुक्राणू पुरतो ना? मग नवऱ्याच्या तपासण्यांत वेळ का घालवायचा? करा इक्सी.’ ऐकायला आधुनिक, पण यात पुन्हा बाईच वेठीला धरली जाते. दोष त्याचा, आणि दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं तिच्या पोटात, भूल तिला, सुई तिच्या बीजकोशात. पुरुषाला नीट तपासलं असतं तर कदाचित यातलं काहीच लागलं नसतं. वृषणाच्या फुगलेल्या शिरांवर शस्त्रक्रिया करता येते. मेंदूकडून येणारे हार्मोन कमी असतील, तर काही महिन्यांच्या इंजेक्शनांनी शुक्राणू वीर्यात उतरू शकतात. जिममध्ये दंड फुगवायला घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंचं उत्पादनच थांबवतं; ते बंद केल्यावर बहुतेकांचं गाडं महिन्यांनी का होईना, रुळावर येतं. (आणि ‘शक्ती वाढावी’ म्हणून हेच औषध मूल हवं असणाऱ्या पुरुषाला देणारे महाभागही आहेत!)

शिवाय शुक्राणूंची निर्मितीच फार कमी असेल, तर गुणसूत्रं आणि वाय-गुणसूत्रातले तुटलेले तुकडे तपासायलाच हवेत. काही तुकडे संपूर्ण गायब असतील, तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळण्याची आशा नसते. मग चिरफाड कशाला? दुसरे काही गायब असतील, तर शुक्राणू मिळू शकतात, पण तोच दोष मुलाकडे जातो. हे त्या जोडप्याला आधी कळलं पाहिजे, बिल भरल्यावर नव्हे.

शुक्राणू काढण्याच्या तंत्राची मी बाजू घेतो, ती त्यामुळे पुरुष स्वतः रुग्ण म्हणून टेबलावर येतो म्हणून. सगळं करून काहीच हाती लागलं नाही, तर दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल, यात कमीपणा कसला? तंजावरचे सरफोजी राजे दत्तकच होते, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती आजही त्यांच्याच नावानं सांगतात.

तेव्हा सासूबाईंनो, सुनेची दुर्बिणीतून तपासणी ठरवण्याआधी मुलाचा वीर्याचा अहवाल मागा. पहिला बिघडलेला आला, तर काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. त्याला दोन ते सात दिवसांचं ब्रह्मचर्य आणि एक डबी, एवढंच लागतं.