घाट उतरताना



डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या लहानशा मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले; तथापि अनेक कुटुंबांनी ती अद्याप जिवापाड जपली आहे. गाडी जुनी असणे यात कमीपणा मुळीच नाही. तिच्या ब्रेकांविषयी बेफिकीर राहणे मात्र घातक होय.

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना थोडे पेट्रोल वाचावे म्हणून कित्येकजण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. अशाने सारा भार एकट्या ब्रेकांवर पडून ते तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते जुने झालेले असल्यास त्या उष्णतेने उकळून त्यात वाफ धरते, आणि पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडी आवरत नाही.

यास्तव ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. म्हणजे इंजिनच गाडीचा वेग रोखून धरते. उतारावर इंजिन बंद तर कदापि करू नये. ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे. त्यास खर्चही फारसा येत नाही.

मागील आसनावर लेकरे निर्धास्त निजतात, ती चालविणाऱ्याच्या भरवशावर. तेव्हा पुढील प्रवासापूर्वी मेकॅनिकला एवढे अवश्य विचारावे : ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले?