बॅकअप सॉफ्टवेअर घेताय? आधी रिस्टोर करून बघा!



ऑफिस सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फुकटचं चालेल की पैसे भरू?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय. बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर बाजारात ढिगाने आहे. तुम्हाला हवंय ते माल परत देणारं. ज्या बॅकअपवरून तुम्ही एकदाही रिस्टोर करून बघितलं नाही, तो बॅकअप नाही, ती फक्त मनाची समजूत आहे.

समजा, वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत तुमचं तीन कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. हिशेब लिहिणं, जीएसटी रिटर्न भरणं, थोडं ऑनलाइन फॉर्मचं काम. चाळीस गिऱ्हाइकांचा टॅलीचा डेटा एकाच मशीनवर आहे. महिन्याची 19 तारीख आहे, उद्या जीएसटीआर-3बी भरायचाय आणि सकाळी त्या मशीनची डिस्क उठतच नाही. आता मला सांगा, सॉफ्टवेअरच्या खोक्यावर काय काय छापलं होतं याला काही अर्थ उरतो का? प्रश्न दोनच उरतात. कालपर्यंतचा डेटा परत मिळेल का? आणि किती तासांत मिळेल?

मोठ्यांचंही असंच होतं

"आपल्या छोट्या ऑफिसला एवढं कशाला?" असं वाटत असेल, तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यात मेर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्याच समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, काम हाताने करायची पाळी आली.

यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. मेर्स्कच्या नेटवर्कचा कारभार बघणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांशी सतत सिंक होत राहायचे. एक बिघडला तर दुसऱ्यावरून उचलू, असा हिशेब होता. पण सगळे एकदमच पुसले गेले! वाचला फक्त घानामधला एक, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका मशीनवरून सगळं पुन्हा उभं केलं गेलं.

वीज गेली म्हणून कंपनी वाचली! आपण रोज विजेच्या नावाने बोटं मोडतो, तिथे हा धडा लक्षात ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नाही. गुगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमधली फाइल तुम्ही इथे डिलीट केली की तिथेही डिलीट होते. ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते, मग जाते. मार्चमध्ये उडालेलं लेजर जूनमध्ये आठवलं तर काय करणार? म्हणून एक तरी प्रत अशी हवी, जी कॉम्प्युटरला जोडलेली नाही. काम झालं की यूएसबी काढली आणि कपाटात ठेवली, इतकं साधं.

दुसरं उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या माणसाने चुकून चालू डेटाबेस उडवला. बॅकअपच्या एक नाही, पाच सोयी होत्या. ऐन वेळी एकही धड चालली नाही. बॅकअप फेल झाल्याचे मेल सिस्टिम पाठवत होती, पण ते कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. हुशार माणसं होती, पैसा होता. फक्त रिस्टोर करून कुणी बघितलं नव्हतं.

मग सॉफ्टवेअर कसं तपासायचं?

माझ्या मते या पाच गोष्टी, याच क्रमाने.

1. नुसती फाइल की अख्खी डिस्क? फाइल बॅकअपमध्ये तुमचा डेटा येतो. डिस्क इमेजमध्ये विंडोज, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, सेटिंग, सगळं येतं. विंडोजमधलं फाइल हिस्ट्री पहिलं काम करतं, दुसरं नाही. ऑफिसला दोन्ही लागतात. डेटा रोज, इमेज महिन्यातून एकदा.

2. विंडोज सुरूच होत नसेल तर? सॉफ्टवेअर रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून देतं का? बनवा, आणि त्यावरून मशीन सुरू करून बघा. त्यात तुमची बाहेरची हार्ड डिस्क दिसते का? इथेच निम्मी सॉफ्टवेअर गळतात. बिटलॉकर चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळी ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो.

3. किती वेळ लागतो? हा हिशेब स्वतः करा. 200 जीबीची इमेज असेल आणि डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगाने चालत असेल, तर साधारण 35 मिनिटं. जुन्या यूएसबी 2 पोर्टवर 30 एमबीचा वेग धरला, तर दोन तासांच्या आसपास. आणि तीच इमेज 20 एमबीपीएसच्या इंटरनेटवरून क्लाउडवरून उतरवायची म्हटली, तर 22 तास! म्हणजे 20 तारीख उजाडली. क्लाउड वाईट नाही, पण त्यावर रोजच्या महत्त्वाच्या फाइली ठेवा, अख्खी डिस्क नको.

4. फेल झालं तर ओरडतं का? मुद्दाम यूएसबी काढून ठेवा आणि ठरलेल्या वेळी काय होतं ते बघा. गुपचूप बसणारं सॉफ्टवेअर माझ्या यादीतून लगेच बाद.

5. उद्या कंपनीने हात वर केले तर? मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती खूप लोकप्रिय होती. कंपनीने ती बंद केली, 1 जानेवारी 2024 पासून तिला सपोर्ट नाही. विंडोजमधली जुनी सिस्टिम इमेजची सोय अजून दिसते, पण मायक्रोसॉफ्टने 2017 मध्येच ती पुढे वाढवणार नाही असं जाहीर केलंय. पैसे भरून घेत असाल तर विक्रेत्याला सरळ विचारा, "वर्गणी संपल्यावर माझा जुना बॅकअप उघडेल ना?" उत्तर लेखी घ्या.

फुकट की विकत?

छोट्या ऑफिसने फुकटपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वीम एजंटची फुकट आवृत्ती अख्ख्या मशीनची इमेज ठरलेल्या वेळी आपोआप घेते आणि रिकव्हरी पेनड्राइव्हही बनवते. क्लोनझिला पूर्ण मोफत आहे, पण मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करून चालवावं लागतं, म्हणून रोजच्यासाठी नाही, महिन्याच्या इमेजसाठी ठीक. त्यात एक मेख आहे. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते सहसा रिस्टोर करत नाही. आणि इमेज कुठल्या डिस्कवर टाकतोय ते दोनदा बघा, नाहीतर चांगली डिस्क पुसून बसाल.

वाचलेले पैसे दुसऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला. एक डिस्क ऑफिसात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. ऑफिस बोरगाव मेघेत आणि घर सावंगी मेघेत असेल, तर ऑफिसात चोरी झाली, शॉर्ट सर्किट झालं, तरी एक प्रत सुरक्षित. दुकानदार जशी सगळी रोकड एकाच गल्ल्यात ठेवत नाही, तसंच हे.

टॅलीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. कंपनी उघडी असताना डेटा फोल्डर कॉपी केलं तर प्रत अर्धवट येऊ शकते. संध्याकाळी सगळ्या मशीनवर कंपनी बंद करा, टॅलीच्याच बॅकअप पर्यायातून प्रत काढा आणि मग ती डिस्कवर जाऊ द्या.

कायदाही हेच विचारतो

जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळाव्या लागतात. नोंदी कॉम्प्युटरवर असतील तर सीजीएसटी नियम 57 म्हणतो की बॅकअप असा ठेवा, की अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता येतील. नीट वाचा, नियमाला तुमचं सॉफ्टवेअर कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. त्याला नोंदी परत हव्या आहेत. आणि तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब सांभाळत असाल तर हा डेटा तुमचा नाहीच, ती गिऱ्हाइकाची ठेव आहे. गेली तर पैशांआधी नाव जातं. वर्ध्यासारख्या गावात नाव गेलं की काय होतं, ते मी सांगायला नको.

या रविवारचं काम

चालू मशीनला हात लावू नका. एखादं जुनं मशीन किंवा रिकामी डिस्क घ्या. घड्याळ लावा. बॅकअपवरून एका गिऱ्हाइकाचा टॅली डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा, टॅलीत उघडा आणि शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे ते बघा. मग रिकाम्या डिस्कवर अख्खी इमेज टाका आणि मशीन सुरू होतं का ते बघा. लागलेला वेळ वहीत लिहा. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणालाही हे जमलं पाहिजे, कारण तुम्ही नेमके त्या दिवशी लग्नाला नागपूरला गेलेले असाल.

जे सॉफ्टवेअर या परीक्षेत पास होईल, ते तुमचं. मग ते फुकट असो की विकत. आणि दर तीन महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा घ्या.