कुंपणच शेत खाऊ लागले तर?

धर्मगुरू भ्रष्ट निघाला म्हणजे धर्म खोटा ठरतो काय? हा प्रश्न आमच्या उंब्रजच्या पेठेत निघाला, की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'धर्मच सोडा'. दुसरा म्हणतो, 'महाराजांविषयी बोलू नका, पाप लागेल'. दोन्ही उत्तरे आम्हांस सारखीच आळशी वाटतात. ज्या कॅथलिक समाजाने या प्रश्नाचा सोळाशे वर्षे खल केला, त्याचा अनुभव आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा. व त्यासाठी रोमपर्यंत जाण्याचेही कारण नाही.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत असा वाद माजला की, छळाच्या वेळी भिऊन धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे संस्कार खरे मानावे काय? संत ऑगस्टीनने सांगितले की, संस्काराचे मोल तो देणाऱ्याच्या शीलावर अवलंबून नसते. नाणे खरे असले तर देणाऱ्याचा हात मळका म्हणून आमचे व्यापारी ते परत करीत नाहीत, तसेच हे. सिद्धांत निघाला भाविकांच्या आधाराकरिता. पण अधिकाऱ्यांनी पुढे त्याचीच ढाल केली. पदाची अब्रू राखावयाची म्हणून पदस्थाचे पाप झाकावयाचे, ही वहिवाट तेथून पडली.

गोव्यात तिची फळे दिसली. तेथील इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली बसले, ते मध्यंतरीची चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. आणि त्याचा वरवंटा मुख्यतः फिरला तो ज्यांस बाप्तिस्मा देऊन 'आमचे' म्हटले, त्यांच्याच अंगावरून! दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु या ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती तरुणास गोव्याच्या आर्चबिशपने पाद्रीपणाची दीक्षा नाकारली. धर्म एक, देव एक, पण कातडी निराळी! या गृहस्थाने धर्म सोडला नाही व तोंडही मिटले नाही. तो थेट रोमास गेला, तेथे दीक्षा घेतली आणि १६३७ साली बिशप होऊन आदिलशाही मुलखावर नेमला गेला. आमचा कऱ्हाड प्रांतही तेव्हा आदिलशाहीतच मोडत असे. डिचोलीस राहून तो गोव्याच्या सत्ताधाऱ्यांशी भांडत राहिला व अखेर १६७७ साली रोमास वारला. गाऱ्हाणे मात्र मिटले नाही. १७८७ च्या पिंटोंच्या कटात देशी पाद्रीच पकडले गेले. गोव्याच्या आर्चबिशपच्या आसनावर गोवेकर बसावयास १९७८ साल उजाडले.

कोणी म्हणेल, ही जुनी मढी का उकरता? कारण रोग जुना नाही. अमेरिकेतील मॅकॅरिक हे कार्डिनल. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांत दोषी ठरवून २०१९ साली रोमने त्यांचे पाद्रीपण काढले. त्यांच्याविषयीची कुजबुज वरिष्ठांच्या कानी कित्येक वर्षांपूर्वीच गेली होती, हे रोमच्याच २०२० च्या अहवालात नमूद आहे. अशा तक्रारी वर कळविणे २०१९ पासून पाद्र्यांस बंधनकारक झाले. आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. धर्महितासाठी आपले मत धर्माधिकाऱ्यांस कळविणे हा सामान्य भाविकाचा हक्क, व प्रसंगी कर्तव्यही, असे त्या धर्माच्या १९८३ च्या संहितेतच लिहिले आहे. चौदाव्या शतकात सिएनाची कॅथरिन, एका रंगाऱ्याची मुलगी, पोपास खडसावणारी पत्रे लिहीत होती, ती कोणत्या संहितेच्या आधारे?

आता आपल्या घरी येऊ. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक ज्या गावात आहे, त्या गावास धर्मनिष्ठा शिकविण्याची गरज नाही. पण मठ, देवस्थान, दर्गा वा देऊळ यांच्या चालकाने भाविकांचा पैसा किंवा विश्वास गिळला, तर 'देव पाहून घेईल' म्हणणारा दुकानदार आपल्या मुनिमाबाबत असेच म्हणतो काय? मुनिमाची वही तो रोज संध्याकाळी पाहतो. देवस्थानांच्या वह्यांसाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे व धर्मादाय कार्यालय साताऱ्यास आहे. तेथे जाऊन हिशेब मागणारे भाविक आमच्या पेठेत किती निघतील?